बाबांसोबत खेळायला निवडणुकीचा झटपट बोर्ड गेम सुचवा

सोंगटी: निकालाच्या दिवशी आमचे बाबा टीव्हीसमोरून हलत नाहीत. म्हणून रविवारी हौसेने '१९६०: द मेकिंग ऑफ द प्रेसिडेंट' हा अमेरिकेच्या १९६० च्या अध्यक्षीय निवडणुकीवरचा गेम मांडला. बाबांनी हट्टाने निक्सन घेतला. गेम देखणा आहे, पण नियम सांगण्यातच तास गेला आणि केनेडी-निक्सन वादफेरी यायच्या आत बाबा घोरायला लागले. दोघांत, तासाभरात संपेल असं काही आहे का? पत्त्यांवर चालणारं असेल तर उत्तम. मेंढीकोटात त्यांना कोणी हरवत नाही.

ओहायोकर: 'कॅम्पेन मॅनेजर २००८' घ्या. तुमचा '१९६०' बनवणाऱ्या ख्रिश्चन लेओनहार्ड आणि जेसन मॅथ्यूज याच जोडीचा, २००९ चा. अमेरिकेची २००८ ची निवडणूक, ओबामा विरुद्ध मॅकेन, पाऊण तासात खल्लास. आपली पाळी आली की पत्ता खेळायचा नाहीतर उचलायचा, बास. वीस अटीतटीची राज्यं, त्यातली एका वेळी चारच टेबलावर. प्रत्येक राज्याची ठरावीक प्रतिनिधी-मतं (इलेक्टोरल व्होट्स) असतात, अशी २७० झाली की जिंकलात.

खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक राज्यात दोन मुद्दे, अर्थव्यवस्था आणि संरक्षण. त्या घडीला जो मुद्दा गाजतोय त्याची सगळी घरं तुमची झाली, तरच राज्य तुमचं. म्हणजे तुम्ही अर्थव्यवस्थेवर घाम गाळत बसायचं आणि समोरच्याने एका पत्त्यात चर्चाच संरक्षणाकडे वळवायची! २००८ च्या ऑक्टोबरात मी ओहायोत शिकत होतो. मला मत नव्हतं, तरी दोन्हीकडचे कार्यकर्ते दार वाजवायचे. बँका बुडत होत्या, दारात दुसरा विषयच नसायचा. हा गेम खेळताना ते दार आठवतं.

हुकूमएक्का: गेम चांगला, पण एक खोच आहे. प्रत्येकाचे ४५ पत्ते. तीन उचलून एक ठेवायचा, असं पंधरा वेळा करून आपला गठ्ठा बनवायचा. पत्ते ओळखीचे नसताना ही निवड म्हणजे अंधारात चाचपडणं. पहिला डाव फुकट गेला असं धरूनच बसा. आणि नवा शोधू नका, मला वापरलेलाच मिळाला. कोथरूडच्या आसपास असाल तर दोन आठवडे घेऊन जा.

सोंगटी: हुकूमएक्का, आभार! बाबा मॅकेन झाले. पहिला डाव खरंच फुकट गेला. दुसऱ्यात मी २६७ वर, नेवाडात अर्थव्यवस्थेची सगळी घरं माझी, पण गाजत होतं संरक्षण. पत्ता टाकून मुद्दा फिरवला, ५ मतं, २७२. बाबा म्हणाले, "ही चीटिंग आहे." मग चष्मा पुसून स्वतःचे पंधराही पत्ते नीट वाचत बसले. गठ्ठा परत द्यायला एक आठवडा जास्त लागला तर चालेल ना?