ओटीपी जपला, पण अंगठ्याचं काय?

ओटीपी कुणाला सांगितला नाही की खातं सुरक्षित, असं बरेच जण सांगतात. ते अर्धंच खरं आहे. आधारवर पैसे काढताना ओटीपी लागतच नाही. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा पुरतो. आमच्या कर्नाटकातल्या खानापूर-निपाणीकडे तर जमिनीच्या कागदांत अंगठा आणि आधारची झेरॉक्स एकाच गठ्ठ्यात! अशा ठशांवरून सिलिकॉनचा अंगठा करून पैसे लांबवल्याचे गुन्हे देशात नोंदले गेलेत. बँकेचा मेसेज इंग्रजीत नाहीतर कन्नडमध्ये, म्हाताऱ्या माणसांना पैसे गेल्याचं कळतही नाही.

आधारच्या सरकारी ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक, म्हणजे बोटाचे ठसे वगैरे बंद ठेवायची सोय आहे, घरातल्या सगळ्यांचं आजच करून टाका. अंगठा द्यायच्या वेळी तेवढ्यापुरतं उघडता येतं. झेरॉक्स द्यायचीच तर शेवटचे 4 आकडेच दाखवणाऱ्या मास्क्ड आधारची द्या.