मुरुमांच्या उपचारात त्वचेच्या प्रसाधनांचा नेमका वाटा किती?

प्रश्न

माझे वय २४ आहे. गेल्या वर्षभरापासून हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला मुरूम येत आहेत. सुरुवातीला मी फक्त फेसवॉश वापरत होते. पुढे त्यात टोनर, दोन सीरम, स्क्रब आणि रात्रीच्या क्रीमची भर पडत गेली. प्रत्येक बाटलीवर ‘मुरुमांसाठी’ असे लिहिलेले आहे. तरीही मुरूम होते तिथेच आहेत, शिवाय गालांची आग होते आणि ज्या कपाळावर पूर्वी काहीच नव्हते तिथे बारीक पुरळ उठले आहे. यांतले औषध कोणते आणि नुसते प्रसाधन कोणते, हे कसे ओळखावे?

पहिला प्रतिसाद

बाटलीवर पुढच्या बाजूला काय लिहिले आहे त्यापेक्षा मागच्या घटकांच्या यादीत काय आहे, ते पाहावे. मुरूम होण्यामागे चार गोष्टी असतात: तैलग्रंथींतून जास्त तेल स्रवणे, मृत पेशींनी रंध्राचे तोंड बंद होणे, आत जिवाणूंची वाढ होणे आणि त्यामुळे दाह होणे. यांपैकी एखाद्या गोष्टीवर ज्याचा परिणाम सिद्ध झालेला आहे, तोच घटक उपचाराचा. बाकी सारे फार तर साहाय्यक.

सॅलिसिलिक आम्ल तेलात विरघळत असल्याने रंध्रात शिरते आणि साधारण ०.५ ते २ टक्के प्रमाणात ब्लॅकहेड व व्हाइटहेडवर उपयोगी पडते. बेंझॉइल पेरॉक्साइड जिवाणू मारते आणि प्रतिजैविकांप्रमाणे जिवाणू त्याला सरावत नाहीत. त्याचे २.५ टक्क्यांचे जेल अधिक तीव्र जेलच्या जवळपास तितकेच काम करते आणि त्याने आग मात्र कमी होते, त्यामुळे १० टक्क्यांच्या मागे लागण्याचे कारण नाही. (टॉवेल आणि उशीचे अभ्रे पांढरे वापरावेत, कारण ते रंगीत कापडाचा रंग उडवते.) अ‍ॅडापलीन हे रेटिनॉइड (अ जीवनसत्त्वाच्या जातकुळीतले औषध) रंध्राचे तोंड बंद होण्याची प्रक्रियाच रोखते. म्हणून ते दिसणाऱ्या पुळीवर टिपक्यासारखे न लावता, जिथे मुरूम येतात त्या संपूर्ण भागावर रात्री पातळ थरात लावायचे असते. बहुतेक जण चुकतात ते इथेच.

फेसवॉश मिनिटभरात धुऊन जातो, त्यामुळे त्यातील औषधी घटकाकडून मर्यादितच अपेक्षा ठेवावी. स्क्रब तर आजच बंद करावा. दाह असलेली त्वचा घासल्याने मुरूम बरे होत नाहीत, चिघळतात.

दुसरा प्रतिसाद

कपाळावरच्या बारीक पुरळाचे कारण कदाचित प्रसाधनेच असतील. प्रसाधनांमुळे होणाऱ्या मुरुमांना १९७२ साली क्लिगमन आणि मिल्स या त्वचारोगतज्ज्ञांनी स्वतंत्र नाव दिले, म्हणजे ही तक्रार काही नवी नाही. केसांना लावायचे तेल किंवा जेल कपाळावर उतरूनही असे पुरळ येते, तेव्हा तेही तपासून पाहावे. ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ (रंध्रे बंद न करणारे) या बाटलीवरच्या शब्दाला सर्वमान्य चाचणीचा आधार नाही. तो दिलासा समजावा, हमी नव्हे.

प्रश्नकर्तीचा खुलासा

केसांना तेल लावून झोपायची सवय आहे खरी. आता सगळे एकदम बंद करावे का? आणि मॉइश्चरायझरने चेहरा अधिक तेलकट होणार नाही का?

पहिला प्रतिसाद देणारे

आग शमेपर्यंत सौम्य फेसवॉश, साधे हलके मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन एवढेच ठेवावे. त्यानंतर एकाच औषधी घटकाची भर घालावी, तीही एक रात्र सोडून. मॉइश्चरायझर मुरूम बरे करत नाही हे मान्य; पण औषधाने येणारा कोरडेपणा त्यामुळे सोसवतो आणि उपचार मध्येच सुटत नाही. माझ्या मते त्याचे खरे काम तेवढेच आहे, आणि ते मोठे आहे. परिणाम ८ ते १२ आठवड्यांनी पाहावा. आज दिसणारी पुळी काही आठवड्यांपूर्वीच रंध्रात आकार घेऊ लागलेली असते, त्यामुळे दर पंधरा दिवसांनी उत्पादन बदलणाऱ्याला कशाचा गुण आला हे कधीच कळत नाही.

तिसरा प्रतिसाद

वरील सल्ला सौम्य आणि मध्यम मुरुमांपुरता योग्य आहे. हनुवटी व जबड्यावरच्या मुरुमांसोबत मासिक पाळी अनियमित असेल किंवा चेहऱ्यावर दाट केस येत असतील, तर मूळ संप्रेरकांत असू शकते आणि ते तपासण्याचे काम डॉक्टरांचे आहे. खोल, दुखऱ्या गाठी येत असतील किंवा खड्डे पडू लागले असतील, तर १२ आठवडेही वाट पाहू नये, कारण पडलेले व्रण कोणत्याही सीरमने भरून येत नाहीत. गर्भधारणेचा विचार असल्यास अ‍ॅडापलीन टाळावे. त्याऐवजी अ‍ॅझेलेइक आम्ल वापरता येते का, हे त्वचारोगतज्ज्ञांना विचारावे. आणि तुमच्या त्या रात्रीच्या क्रीममध्ये स्टेरॉइड आहे का, हे आधी पाहा. अशा क्रीमने सुरुवातीला लाली उतरते, चेहरा उजळ दिसतो आणि नंतर स्टेरॉइडमुळेच मुरूम येतात. ते बरेच दिवस वापरात असेल, तर मनानेच एकदम न थांबवता डॉक्टरांना दाखवून थांबवावे.