वॅगनआर: क्लच नवा टाकला, आता पेडल दगड झालंय आणि सेल्फ रडतो

मनीषनगरकर
नमस्कार मंडळी. गाडी 2014 ची वॅगनआर, पेट्रोल, लाखाच्या वर चाललेली. नागपुरात मनीषनगर ते बुटीबोरी एमआयडीसी रोजचं अप-डाऊन. क्लच घसरत होता. चौथ्यात रेस दिली की इंजिन ओरडायचं आणि गाडी वेग घ्यायला तयार नसायची. घराजवळच्या एका गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट बदलला. जुनी प्लेट मिस्त्रीनं हातात दिली, रिव्हेटपर्यंत घासलेली होती. म्हणजे काम गरजेचं होतं, त्याबद्दल तक्रार नाही.

पण गाडी घरी आणल्यापासून वेगळीच नाटकं. पहिल्या दिवशी पेडल अगदी हलकं होतं, आठवडाभरात जड होत गेलं. आता खापरीला ट्रकांची रांग लागली की डाव्या मांडीत गोळा येतो. रिव्हर्स टाकताना कर्रर्र. इंजिन बंद असताना मात्र सगळे गिअर निमूट पडतात. सकाळी सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) मारला की ओढत ओढत फिरतो, डॅशबोर्डचे दिवे मंद होतात, आणि बॅटरी दिवाळीत नवी घेतलीय. पहिल्यात क्लच सोडताना गाडी थरथरते. शिवाय दुपारी कंपनीतून निघताना प्लास्टिक जळल्यासारखा वास येतो. बायको म्हणते डॅशबोर्ड तापतो. मे महिना आहे, मलाही ते पटलं.

मिस्त्री आधी म्हणाला, नवा क्लच आहे, बसायला वेळ लागतो. मग केबल बदलली. चार दिवस छान, पुन्हा तेच. सेल्फचं विचारलं तर वायरिंगवाल्याकडे बोट दाखवतो. आता म्हणतो गिअरबॉक्स परत उतरवून बघू. उतरवू द्यायचा का?

सदर_स्विफ्ट
दादा, केबलचा फ्री प्ले बघितला का? पेडल वरून थोडं मोकळं जायला हवं, मग भार लागायला हवा. मोकळं अंतर जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. एक करून बघा: इंजिन चालू, न्यूट्रलमध्ये क्लच पूर्ण दाबून पाचेक सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. तरी कर्र आलं तर आत प्लेट फिरतेच आहे, क्लच सुटत नाहीये. न थांबता घाईत टाकल्यावर आवाज येणं वेगळं.

मनीषनगरकर
थांबून टाकला तरी आवाज येतो. फ्री प्ले मिस्त्रीनं माझ्यासमोर सेट केला होता.

वाडीवाला
प्रेशर प्लेट डुप्लिकेट लागली आहे, लिहून घ्या. स्प्रिंग कडक, म्हणून पेडल जड. सेल्फचा याच्याशी संबंध नाही, तो वेगळा बिघाड. उतरवा गिअरबॉक्स आणि कंपनीचा सेट टाका, एकदाच काय तो खर्च होऊ द्या.

रिटायर_एसटीवाला
थांब भाऊ, गिअरबॉक्सले हात नको लावू देऊ. प्रेशर प्लेट कडक असती तर पेडल पहिल्या दिवसापासूनच जड लागलं असतं. तुह्यं हळूहळू जड झालं, अन् केबल बदलली की चार दिवस हलकं झालं. म्हणजे रोग केबलमंदी आहे, अन् केबलले कोणीतरी मारून राह्यलं.

मी हिंगण्याच्या एसटी वर्कशॉपात उभी नोकरी काढली. बसच्या अन् तुह्या गाडीच्या क्लचमंदी काही सारखं नाही, पण करंटले बॅटरीत परत जायले वाट लागते, ते दोन्हीकडं एकच.

सेल्फ कुठं बसते? गिअरबॉक्सच्या तोंडाशी. त्याले पॉझिटिव्हची जाड वायर येते, निगेटिव्हची येत नाही. त्याचं लोखंडी अंगच त्याची निगेटिव्ह. तो करंट केसिंगमधून अर्थिंगच्या केबलनं बॅटरीले परत जाते. इंजिन अन् गिअरबॉक्स रबराच्या फाउंडेशनवर बसले असतात, म्हणजे बॉडीपासून तुटूनच. गिअरबॉक्स उतरवताना अर्थिंगची केबल खोलाच लागते. परत बसवताना गॅरेजचं पोट्टं ती विसरते, नाहीतर कलर-ग्रीसवरच बोल्ट आवळून मोकळं होते.

आता सेल्फले शंभराच्या वर अँपिअर लागतात. अर्थिंग नाही तर ते जातीन कुठून? गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत जे लोखंड जाते त्याच्यातून, बॉडी तं बॅटरीच्या निगेटिव्हले जोडलीच असते. तुह्या गाडीत ते लोखंड म्हणजे क्लचची केबल. एक टोक गिअरबॉक्सच्या ब्रॅकेटले, दुसरं पेडलपाशी. दर सेल्फले ती हिटरच्या तारेसारखी तापते, आतली प्लास्टिकची नळी पघळते अन् तार तिले चिकटते. म्हणून पेडल जड, म्हणून क्लच पुरा सुटत नाही, म्हणून रिव्हर्स बोंबलते. दिवे मंद, सेल्फ रडका, सगळं त्याच्यातच आलं. अन् तो वास उन्हाचा नाही बाप्पा!

घरीच पाहून घे. मल्टिमीटर डीसी 20 व्होल्टवर ठेव. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धर, क्लॅम्पवर नाही. लाल पिन गिअरबॉक्सच्या उघड्या अल्युमिनियमवर. गाडी न्यूट्रलमंदी, हँडब्रेक ओढलेला, अन् कोणाले तरी सेल्फ मारायले लाव. आकडा 0.2-0.3 च्या आत राह्यला तर अर्थिंग बरी आहे, दुसरं काही शोधू. अर्ध्या व्होल्टाच्या वर गेला तर अर्थिंगच गेली. मीटर नसन तर जंप स्टार्टची काळी वायर घे, एक चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हले, दुसरा इंजिनच्या हुकले. सेल्फ झटकन फिरला की समजून घेजो.

अन् केबल तापली का हे हातानं पाहू नको, चांगला चटका बसन.

वाडीवाला
काका, अर्थिंगमुळे क्लच खराब होतो हे पहिल्यांदाच ऐकतोय.

रिटायर_एसटीवाला
क्लच नाही रे, केबल. वाचून तं घे.

मनीषनगरकर
काका, दंडवत घ्या.

शेजाऱ्याकडून मीटर आणला, सेल्फ मारायला बायकोला बसवलं. आकडा 2.4. मी दोनदा पिना बदलून पाहिल्या, पण तेवढाच. मग जंप वायर लावली आणि सेल्फ असा फिरला की बायको दचकली.

बॅटरीचा ट्रे काढल्यावर खाली अर्थिंगची केबल दिसली. गंमत म्हणजे ती सुटलेली नव्हती, म्हणून वरून बघणाऱ्याला सगळं ठीकच दिसलं असतं. बोल्ट जागेवर होता, पण केबलचं थिंबल (टोकाची धातूची कडी) आणि केसिंग यांच्या मध्ये वायरिंगचा एक रंगवलेला ब्रॅकेट अडकवला होता, त्यावर ग्रीसचा थर, आणि बोल्ट चिमटीनं फिरत होता. ब्रॅकेट वर घेतला, थिंबल आणि केसिंग सँडपेपरनं चकाकेपर्यंत घासलं, बोल्ट पान्यानं आवळला. मीटर आता 0.15 दाखवतो.

क्लच केबल पुन्हा नवी टाकली. काढलेली केबल उत्सुकतेपोटी चिरून बघितली, आतली नळी तपकिरी पडलेली आणि ठिकठिकाणी तारेला चिकटलेली. तोच तुकडा गॅरेजवाल्याला नेऊन दाखवला. बराच वेळ उलटसुलट करून बघितला त्यानं. केबलचे पैसे घेतले नाहीत, मजुरी मात्र घेतली.

पेडल हलकं आहे, रिव्हर्स गप्प पडतो, वासही नाही. पहिल्यातली थरथर मात्र तशीच आहे.

वाडीवाला
मग ती प्रेशर प्लेटच.

रिटायर_एसटीवाला
तुह्यं गाडं प्रेशर प्लेटवरच अडून राह्यलं बे!

मनीषनगरकर भाऊ, थरथर वेगळी गोष्ट आहे, ती अर्थिंगच्या खात्यात टाकू नको. मिस्त्रीले विचार, फ्लायव्हील, म्हणजे क्लच प्लेट ज्याच्यावर दाबली जाते ते इंजिनचं जाड चाक, पाह्यलं होतं का? घसरत्या क्लचवर गाडी चालली की फ्लायव्हील तापते, त्याच्यावर निळे-काळे डाग पडतात. ते लेथवर साफ न करता नवी प्लेट बसवली तर गाडी उचलताना थरथरते. पण त्याच्यासाठी लगेच गिअरबॉक्स उतरवू नको. पह्यले फाउंडेशनचे बोल्ट पाह्य, तेही याच कामात खोलले होते अन् ज्यानं अर्थिंग तशी बसवली त्यानं हे तरी कसे आवळले असतीन सांगता येत नाही. रबर फाटलं असन तर ते बदल.

गाडीखाली वाकून, इंजिन अन् गिअरबॉक्स जुळतात तिथं खालून ओलं दिसते का तेही पाहून घे. ओलं असन तर इंजिनचं मागचं ऑईल सील गळून राह्यलं, ऑईल प्लेटवर गेलं तर थरथर येणारच, अन् मग थांबण्यात अर्थ नाही. कोरडं असन तर चालवत राह्य. वाढली तरच उतरव, अन् उतरवशीन तेव्हा स्वतः उभा राहून फ्लायव्हील डोळ्यानं पाह्य.

मनीषनगरकर
खालून कोरडं आहे, आत्ताच टॉर्च लावून बघितलं. फाउंडेशन रविवारी बघतो, दुसऱ्या मिस्त्रीकडे. आणि हो, एक्सल काढताना गिअर ऑईल सांडलं असणार, ते पुन्हा पूर्ण भरलं की नाही हे बिलावर कुठेच नाही. तेही मापून घेतो.