मदत हवी आहे: इंकस्केपमध्ये मजकूर गोलाकार केला की शिरोरेषा तुटते

पेठकर: तालीम मंडळाच्या टी-शर्टसाठी इंकस्केपमध्ये (चित्रं आखायचं मोफत सॉफ्टवेअर) गोल लोगो करतोय. वरच्या कमानीत 'तालीम मंडळ, शिवाजी पेठ', खाली 'कोल्हापूर'. मजकूर आणि वर्तुळ एकत्र निवडून टेक्स्ट मेनूतलं 'पुट ऑन पाथ' दिलं (पाथ म्हणजे आखलेली रेघ). मजकूर उजवीकडून सुरू होऊन खाली उतरतो आणि दर अक्षरानंतर शिरोरेषेत फट पडते. लेटर स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) उणे केलं तर वर जुळतं, पण खाली अक्षरं एकमेकांत घुसतात. इंग्रजी मजकूर मात्र व्यवस्थित बसतो. शेवटी व्हिनाइल (कपड्यावर चिकटवायचा पातळ प्लास्टिकचा थर) कापून घ्यायचं आहे.

रेघोट्या: उजवीकडून सुरू होतो कारण इंकस्केपचं वर्तुळ तिथूनच, घड्याळाच्या दिशेनं सुरू होतं. वर्तुळ फिरवा, मजकूर सरकेल.

फटीचं कारण वेगळं. पाथवर अक्षर वाकत नाही, फक्त कलतं. अक्षर १० मिमी रुंद, शिरोरेषा बेसलाइनच्या (अक्षरांच्या तळरेषेच्या) ८ मिमी वर, त्रिज्या ४० मिमी धरा: १० × ८ ÷ ४० = २ मिमी फट. इंग्रजीत अक्षरं सुटीच असतात, म्हणून तिथं खटकत नाही. देवनागरीसाठी 'पुट ऑन पाथ' सोडा, अक्षरंच वाकवा:

मजकूर सरळ ओळीत ठेवून कंट्रोल+शिफ्ट+सी (अक्षरांचे पाथ होतात), मग पाथ मेनूतून 'युनियन' (सगळे आकार जोडून एक होतात). 'कम्बाइन' नको, शिरोरेषा एकमेकींवर चढतात तिथं पांढरे तुकडे पडू शकतात. वर्तुळाच्या टूलमध्ये 'आर्क' निवडून स्टार्ट १८०, एंड ३६० अंश द्या. या कमानीलाही कंट्रोल+शिफ्ट+सी, मग कॉपी. आता मजकुरावर पाथ इफेक्ट्समधून 'बेंड' लावा आणि बेंड पाथसमोरचं पेस्टचं बटण दाबा.

४० मिमी त्रिज्येच्या अर्धवर्तुळाची लांबी सुमारे १२६ मिमी. वाकवण्याआधी ओळ तेवढीच रुंद करा, नाहीतर अक्षरं ताणतात किंवा दबतात.

पेठकर: वरचं एकदम झकास बसलं, शिरोरेषा एकसंध! 'कोल्हापूर'साठी स्टार्ट ०, एंड १८० दिलं तर शब्द उलटा येतो.

रेघोट्या: ती कमान उजवीकडून डावीकडे जाते. पाथमध्ये बदलल्यावर 'रिव्हर्स' करा, मग कॉपी. शब्द आखूड आहे, अख्खं अर्धवर्तुळ देऊ नका. ४५ ते १३५ पुरे. त्या कमानीची लांबी सुमारे ६३ मिमी, ओळ तेवढी ठेवा. इथं शिरोरेषा आतल्या बाजूला येते, म्हणून वरचा भाग दबतो आणि 'पू'चा ऊकार पसरतो. अक्षरांची उंची त्रिज्येच्या पाव भागाच्या आत ठेवली तर डोळ्याला खुपत नाही.

कटरवाला: भावा, फाइल देण्याआधी मूळ प्रत बाजूला ठेव, मग बेंड लावलेल्या दोन्ही मजकुरांवर परत कंट्रोल+शिफ्ट+सी मार. इफेक्ट कायमचा बसतो, दुकानातल्या सॉफ्टवेअरमध्ये हलत नाही. नंतर व्ह्यू मेनूतून आउटलाइन मोड (फक्त कडा दिसतात) लावून बघ. शिरोरेषेत आडव्या-उभ्या रेघा दिसल्या तर युनियन राहिलंय. कटर त्या प्रत्येक रेघेवर पातं चालवेल आणि अक्षरं सुटी निघतील. टी-शर्टवर उष्णतेनं चिकटवायचं व्हिनाइल सहसा मागच्या बाजूनं कापतात, म्हणून कापताना आरसा-प्रतिमा लागते, ती दुकानातच करू दे, नाहीतर दोनदा उलटं होईल.