व्हर्जिनिया: चार दिवसांचा क्रम

चार दिवसांच्या व्हर्जिनिया सहलीत जेम्सटाउन, विल्यम्सबर्ग आणि यॉर्कटाउन एकाच दिवशी उरकण्याचा आपला बेत वाचला. माझी आग्रहाची सूचना अशी, की या तीन ठिकाणांना पूर्ण दोन दिवस द्यावेत. १६०७ साली वसलेले जेम्सटाउन आणि १७८१ मध्ये अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसच्या सैन्याने जिथे शरणागती पत्करली ते यॉर्कटाउन, यांना विल्यम्सबर्गमार्गे जोडणारा कलोनियल पार्कवे जेमतेम ३७ किलोमीटरांचा आहे. पण पट्टे न आखलेल्या, खडी उघडी दिसणाऱ्या त्या काँक्रीटच्या रस्त्यावर मालवाहू ट्रकना मज्जाव असून, कडेला नदीचे विस्तीर्ण पात्र आले की गाडी थांबवल्यावाचून राहवत नाही. (१७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला टिपूविरुद्ध मराठी फौजा याच कॉर्नवॉलिसच्या सोबतीने उभ्या होत्या, हे यॉर्कटाउनला आवर्जून आठवते.)

माँटिचेलोला जेफरसनच्या घराइतकाच वेळ मलबेरी रो या गुलामांच्या राहण्या-राबण्याच्या जागेसाठी राखावा. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्याच्या दाराशीच ती आहे, आणि ती न पाहता परतणे मला अपुरे वाटते. शेवटच्या दिवशी डोंगरमाथ्यावरून जाणारा १६९ किलोमीटरांचा स्कायलाइन ड्राइव्ह हा रस्ता संपूर्ण धरू नये, कारण तिथे वेगमर्यादा ताशी ३५ मैल आहे. लुरे गुहांच्या जवळचा मधला टप्पा पुरेसा होईल.