शब्दचर्चा: 'निम्फ'ला काय म्हणावं? जलपरी, अप्सरा की आसरा?

प्रश्न

एका मैफिलीच्या पत्रिकेसाठी छोटं टिपण लिहितेय. इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांनी १९५१ साली एकट्या ओबोसाठी (हे फुंकून वाजवायचं वाद्य) रोमन कवी ऑव्हिडच्या कथांवर सहा छोट्या रचना केल्या, त्यातली शेवटची 'अरेथुसा'. अल्फियस या नदीदेवापासून पळता पळता जिचा झरा झाला, ती ही निम्फ, म्हणजे ग्रीक कथांतली झऱ्या-नद्यांची तरुण देवता. इथे 'जलपरी' लिहिलं तर चालेल का? शिवाय नाव अरेथुसा लिहू की अरेथुझा?

प्रतिसाद

बिनधास्त 'जलपरी' लिहा, लगेच कळतं. 'अप्सरा' लिहिलंत तर लोकांना मेनका आठवेल, नाहीतर पेन्सिल.

प्रतिसाद

जलपरीला माझा विरोध आहे. जलपरी म्हटलं की कमरेखाली माशाची शेपटी आलीच. अरेथुसाला धडधाकट दोन पाय आहेत आणि तिची सगळी गोष्टच पळण्याची आहे.

ऑव्हिडच्या 'मेटामॉर्फोसिस'च्या पाचव्या भागात ती स्वतःच ही गोष्ट सांगते. शिकारीहून दमून परतताना तिला नदी लागते. पाणी इतकं नितळ की तळाचे खडे मोजून घ्यावेत. ती कपडे वाळुंजाच्या वाकलेल्या फांदीवर टाकून पाण्यात उतरते. तेवढ्यात पाण्यातूनच घोगरा आवाज येतो, 'कुठे निघालीस, अरेथुसा?' कपडे राहिले पलीकडच्या काठावर, ही तशीच पळत सुटते. पाय थकल्यावर शिकारीची देवी डायाना हिचा धावा करते. डायाना तिला ढगात लपवते, तर अल्फियस त्या ढगाभोवती घिरट्या घालत राहतो. मग भीतीने तिला दरदरून घाम सुटतो. पाय हलवावा तिथे थारोळं, केसांतून थेंब, आणि सांगायला लागतो त्याहून कमी वेळात तिचं पाणी होतं. अल्फियस ते पाणी ओळखतो आणि तिच्यात मिसळायला स्वतःही पुन्हा पाणी होतो. डायाना जमीन दुभंगते, अरेथुसा तिच्यात शिरते आणि निघते ती थेट सिसिलीत, सिराक्यूजच्या ऑर्टिजिया बेटावर. जमिनीखालून वाहताना तिला पाताळात पळवून नेलेली पर्सिफोनी दिसली होती. हरवलेल्या लेकीचा पत्ता तिच्या आईला देणारी हीच. हा तपशील पत्रिकांमधून नेहमी गळतो, तुम्ही गाळू नका.

आता शब्दाकडे. ग्रीकमध्ये 'निम्फे' म्हणजे मुळात नवरी, लग्नाच्या वयाची मुलगी. त्यातल्या वाहत्या गोड्या पाण्यातल्या त्या नायड, समुद्रातल्या त्या नेरीड. व्युत्पत्ती पाहिली तर आपली 'अप्सरा' अगदी जवळची. अप् म्हणजे पाणी, सृ म्हणजे सरकणं, वाहणं. शतपथ ब्राह्मणात उर्वशी आणि तिच्या सख्या तळ्यात पाणपक्षी होऊन पोहताना पुरूरव्याला भेटतात. पुढे इंद्राच्या दरबारात नोकरी लागली आणि पाणी सुटलं. आज अप्सरा म्हणजे नाच आणि तपोभंग.

पण त्याच शब्दातून आलेल्या आसरा मात्र पाण्यातच राहिल्या. विहिरीच्या काठाला, नदीच्या डोहाशी शेंदूर लावलेले सात दगड असतात, त्या साती आसरा. त्यांना खणा-नारळाची ओटी, हिरव्या बांगड्या. त्या अमुक डोहाच्या, अमुक विहिरीच्या असतात. निम्फचंही असंच. आसरांची बाधा होते तशी निम्फांचीही व्हायची. त्याला ग्रीकमध्ये 'निम्फोलेप्टोस' असा शब्द आहे, निम्फांनी धरलेला. अथेन्सजवळ वारीच्या गुहेत थेरा बेटावरून आलेल्या आर्केडेमोस नावाच्या माणसाने इ. स. पू. पाचव्या शतकात खडकात स्वतःची आकृती कोरली, हातात हत्यारं घेतलेली, आणि स्वतःला निम्फोलेप्टोस म्हणवलं. दोन्हीकडचं नातं ऐतिहासिक आहे असा माझा दावा नाही, पण भाषांतराला ते उपयोगी आहे.

प्रतिसाद

साती आसरा आणि ओबो? पत्रिका वाचून लोक ओटी घेऊन येतील. आणि एक शंका: निम्फ अमुक झऱ्याची असते म्हणता, मग ही बाई ग्रीसमधून सिसिलीत कशी पोचली?

प्रतिसाद

शंका रास्त आहे. सिराक्यूज कॉरिंथच्या ग्रीकांनी वसवलं, परंपरेने इ. स. पू. ७३४ च्या सुमारास. अल्फियस ही दक्षिण ग्रीसच्या पेलोपोनीजमधली खरी नदी, ऑलिम्पियाजवळून वाहणारी. घर सोडून आलेल्यांना समुद्राच्या कडेला गोड्या पाण्याचा एवढा मोठा झरा मिळाला, त्याला त्यांनी माहेरची नदी जोडून दिली, असं मला वाटतं. त्यातही अरेथुसा नावाचे झरे ग्रीसमध्ये आणखी होते. 'ओडिसी' या ग्रीक महाकाव्यात इथाका बेटावर युमेयस या राखणदाराची डुकरं अरेथुसा झऱ्याजवळच चरतात. ऑलिम्पियात नदीत टाकलेला पेला सिराक्यूजच्या झऱ्यात निघाला म्हणे, आणि तिकडे बैल बळी दिले की इकडचं पाणी गढूळ होई. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने हे सगळं उडवून लावलं: नदी सर्वांदेखत मुखातून समुद्राला मिळते, ती जमिनीखाली जाईलच कशी?

झरा आजही आहे, समुद्राला अगदी लागून, मधे पपायरसची झुडपं. रोमन वक्ता सिसेरोने तो माशांनी भरलेला असल्याचं लिहिलंय.

कलेत तिचं सर्वांत देखणं रूप मला विचाराल तर नाण्यांवर आहे. सिराक्यूजच्या चांदीच्या नाण्यांवर तिचा चेहरा आणि भोवती पोहणारे डॉल्फिन. मधे गोडं पाणी, चहूकडे खारं, म्हणजे ऑर्टिजियाचा नकाशाच झाला. इ. स. पू. पाचव्या शतकाच्या अखेरीस किमोन या ठसेकाराने नेहमीची बाजूने दिसणारी मुद्रा सोडून तिला समोर बघायला लावलं. केस मोकळे, लाटांसारखे पसरलेले, त्यांच्यातून डॉल्फिन उसळताहेत, वर तिचं नाव कोरलेलं आणि कपाळपट्टीवर त्याची स्वतःची सही. पुढे कितीतरी गावांनी या समोरच्या चेहऱ्याची नक्कल केली.

कवींचं विचाराल तर इंग्रज कवी शेलीवर माझा थोडा राग आहे. १८२० च्या त्याच्या कवितेत शेवटी दोघं सिसिलीत सख्ख्या मित्रांसारखी वाहतात. ऐकायला गोड आहे, पण तिच्या त्या घामाचं काय झालं? पोलिश संगीतकार शिमानोव्स्कीची याच झऱ्यावरची व्हायोलिन-पियानोची रचना (१९१५) मला जास्त पटते. पियानोचं पाणी एकसारखं हलत असतं आणि व्हायोलिन वर, फार वर, अस्वस्थपणे तरंगत राहतं. ब्रिटनने तर साथच काढून घेतली. त्या रचना पहिल्यांदा वाजल्या त्याही इंग्लंडमधल्या थॉर्पनेसच्या तळ्यावर, हे टिपणात जरूर घाला.

प्रश्नकर्ती

घालते. पण शब्द?

प्रतिसाद

पहिल्यांदा 'निम्फ, म्हणजे झऱ्याची अप्सरा' असं लिहा आणि पुढे नुसतं नाव वापरा. 'झऱ्याची' हा शब्द गाळू नका, इंद्राचा दरबार तोच लांब ठेवतो. आसरा कंसातही नको, हे मान्य. नाव अरेथुसा. जुन्या ग्रीकमध्ये या नावातला थीटा हा वर्ण आपल्या 'थ'च्या जवळचा होता, त्यामुळे मराठीत आयतंच जमतं. 'झ' इटालियनमधून येतो. तिथे तिला आरेतूझा म्हणतात, झऱ्याला फोंते आरेतूझा.

प्रतिसाद

कुणी शेतीविषयक लिहीत असेल तर: कीटकांच्या 'निम्फ'ला, म्हणजे पूर्ण वाढ न झालेल्या कीटकाला, यातलं काहीही चालणार नाही. तिथे 'पिल्ले' लिहा. तुडतुड्यांची पिल्ले आणि प्रौढ पानांतला रस शोषतात.