हॉलमधला योगा क्लास आणि आश्का गोराडिया

सेक्रेटरी (ए-१०१): नमस्कार. सी-२०३ च्या मुलीचा अर्ज आलाय, रोज सकाळी ६ ते ७ हॉलमध्ये योगाचा क्लास घ्यायचाय. रविवारच्या मीटिंगला विषय घेतो. कोणाला काही म्हणायचं असेल तर आत्ताच इथे लिहा.

ए-७०१ काका: ती सिरीयलमध्ये होती ना? काम मिळत नसेल म्हणून योगा. हल्ली सगळ्या नट्यांचं तेच, सिरीयल संपली की योगा नाहीतर क्रीम-लिपस्टिक, चेहरा ओळखीचा असला की लोक येतातच. माझा विरोध नाही, पण शिकवणार काय आणि शिकलीये कुठे ते कळायला हवं.

बी-४०४ ताई: काका शिकलीये कुठे हे विचारा, विचारायलाच हवं. पण काम मिळत नाही म्हणून हे नका ना म्हणू. मी १६ वर्षं सिरीयलच्या सेटवर हेअरड्रेसर होते, तिथून कोण का बाहेर पडतं ते जवळून बघितलंय. आश्का गोराडिया आठवते का कोणाला? कुसुम सिरीयलमधली कुमुद?

बी-५०२ वहिनी: अय्या हो!! लागी तुझसे लगनमध्ये कलावती पण तीच. ती सिरीयल मी एक दिवस चुकवली नाही, हिंदी असली तरी गोष्ट आपल्याकडची होती ना, हिरॉईनचं नाव नकुशा. आमच्या साताऱ्याकडे खरंच ठेवायचे हो मुलीचं नाव असं, नकोशी झाली म्हणून. २०११ साली २८५ मुलींची नावं बदलायचा कार्यक्रम झाला होता तिकडे. सॉरी विषय भरकटला

बी-४०४ ताई: नाही वहिनी बरोबर आठवलं. तर तीच आश्का. मी तिच्या सेटवर कधी नव्हते, तिची ओळख वगैरे नाही, पण काम बघितलंय. २००२-०३ पासून टीव्हीवर, कुसुम, मग लागी तुझसे लगन, मग २०१३ ला महाराणा प्रतापमध्ये राणी धीरबाई भटियाणी, नंतर नागिनमध्ये अवंतिका, मधे बिग बॉस पण केलं. बहुतेक वेळा निगेटिव्ह रोल, म्हणजे रोज रडायचं नसेल पण रोज डोळे वटारायचे, भारी साड्या, भारी दागिने. ऐतिहासिक सिरीयल म्हणजे काय असतं सांगते, मी अशाच एका सिरीयलला दीड वर्ष होते. बोरला म्हणजे कपाळावरचा राजस्थानी दागिना असतो ना तो केसात पिनांनी घट्ट बसवावा लागतो, वरून गंगावन, वरून ओढणी, आणि ते सगळं १२ तास. रात्री पॅकअप झाल्यावर मी ज्यांचे केस करायचे त्या नटीताईंचा बोरला काढला की कपाळावर लाल खड्डा दिसायचा आणि पिना लागायच्या तिथले केस मुळापासून सैल झालेले. मी तेल लावून द्यायचे तोवर त्या बसल्या जागी झोपलेल्या असायच्या. सकाळी सातला परत कॉल टाइम.

बी-४०४ ताई: आणि पैसे ९० दिवसांनी. आज काम केलं की तीन महिन्यांनी चेक. १९ मार्च २०२० ला कोरोनामुळे शूटिंग बंद झालं तेव्हा डिसेंबर-जानेवारीचे पैसे लोकांचे अडकलेले होते. माझेच एका प्रॉडक्शनकडे अडकले ते शेवटपर्यंत आले नाहीत. दुसऱ्या लाटेत इथे बंद झालं तर युनिटं गोव्याला गेली, आपल्या मराठी सिरीयली पण गेल्या, मग मे २०२१ मध्ये तिथेही बंद. त्याच सुमाराला आश्काने जाहीर केलं की अभिनय सोडतेय. पण काका ती त्या संकटामुळे योगाकडे वळली नाही, तिचा योगा त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होता. ती आणि तिचा नवरा ब्रेंट गोबल, अमेरिकन आहे तो, २०१७ च्या डिसेंबरात लग्न झालं, दोघांचे योगासनांचे फोटो तेव्हाही असायचे, एक खाली आडवा आणि दुसरी त्याच्या पायांवर तोलून उभी. ते एका महिन्यात येत नाही. नंतर गोव्याला राहायला गेले आणि पीस ऑफ ब्लू योगा नावाने शिकवायला लागले.

डी-१०२: ताई रेने कॉस्मेटिक्स पण तिचंच ना? माझ्या बायकोकडे आहे त्यांची ती फॅब ५, एका दांडीत पाच लिपस्टिक एकावर एक बसवलेल्या. त्यात तिच्याबरोबर प्रियांक शाह आणि आशुतोष वलानी आहेत, दाढीच्या तेलाचा बिअर्डो ब्रँड ज्यांनी काढला आणि नंतर मॅरिको कंपनीने घेतला. म्हणजे नुसता चेहरा नाही काका, माल कसा बनवायचा, ऑनलाइन कसा विकायचा हे आधी एकदा करून बसलेली माणसं बरोबर घेतली. अहमदाबादची कंपनी, ती पण मूळची अहमदाबादची.

ए-७०१ काका: ठीक, मानलं. पण लिपस्टिक वेगळी आणि तब्येत वेगळी. माझ्या मेहुणीने टीव्हीवर बघून कसल्या तरी पावडरी आणल्या होत्या, शुगर उतरेल म्हणून, आणि गोळ्या बंद केल्या. दवाखान्यात न्यावं लागलं. त्यामुळे मला राग येतो, या मुलीचा नाही.

बी-४०४ ताई: बापरे काका, आता कशा आहेत त्या? तुमचा राग योग्यच आहे. मला म्हणूनच वाटतं की दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या. लिपस्टिकचा रंग आवडला नाही तर पुसून टाकता येतो, पोटात जाणारी वस्तू तशी नाही. पावडर, गमी, काढा काहीही असो, डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, १४ आकडी नंबर आहे का बघायचं, आणि नंबर असला तरी तो औषध असल्याचा पुरावा नाही. आजार बरा होईल असं कोणी म्हणालं की डबा परत ठेवायचा.

डी-१०२: आणि कायदा आहे त्याला. खोटी जाहिरात केली तर जाहिरात करणाऱ्या स्टारला पण १० लाखांपर्यंत दंड, परत केली तर ५० लाखांपर्यंत. २०१९ चा ग्राहक कायदा. २०२२ मध्ये वर आणखी नियम आले.

सी-२०३ ताई: मी सगळं वाचतेय, उत्तर द्यावं की नाही कळत नव्हतं. काका राग नाही आला. माझ्या मुलीने २०० तासांचा टीचर ट्रेनिंग कोर्स केलाय, सर्टिफिकेट अर्जाला जोडलंय. त्याआधी चार वर्षं ती सेटवर ब्रेकमध्ये मेकअप रूमच्या जमिनीवर चटई टाकून करायची, पाठ धरली होती म्हणून सुरू केलं. काही विकणार नाही, पावडर नाही तेल नाही. बीपी, पाठ, ऑपरेशन झालंय का हे ती आधी विचारते आणि डॉक्टरने नको सांगितलेलं करून घेत नाही. सिरीयल तिने स्वतः सोडली, तिच्या रोलची गोष्ट चालूच होती. घरी आल्यावर पहिले १५ दिवस नुसती झोपली होती.

बी-५०२ वहिनी: 🙏 माझं नाव लिहा पहिलं.

बी-४०४ ताई: माझं दुसरं. १६ वर्षं उभं राहून दुसऱ्यांचे केस विंचरले, माझा उजवा खांदा वर जात नाही आता. मी तिला सांगेन आधीच.

ए-७०१ काका: माझा डावा गुडघा. वज्रासन शक्य नाही. सगळ्यांना सारखंच करायला लावत असेल तर मी येऊन उपयोग काय.

सी-२०३ ताई: काका तिला विचारलं आत्ता, म्हणाली खुर्चीवर बसून घेते बरंच काही, बिनहाताची खुर्ची हवी पण.

सेक्रेटरी (ए-१०१): हॉलमध्ये तशा १२ खुर्च्या आहेत. त्यातल्या दोन खुर्च्यांचे पाय हलतात, त्या मी आजच बाजूला काढून ठेवतो. किल्ली सकाळी पावणेसहाला वॉचमनकडे मिळेल, मीटिंगला कोणाची हरकत नसेल तर सोमवारपासून.